राणी त्याची बहीण होती

हरेश,

भाग दुसरा चांगला आहे. पहिल्यापेक्षा निश्चित चांगला आहे. पटकथा घट्ट आहे. मारामारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळतं. रक्तपिशाच्चांचे दात रबरी वाटत नाहीत. नायकाला अभिनय येत नाही हे या वेळी दिग्दर्शकाच्या वेळेवर लक्षात आलं आहे, त्यामुळे त्याला फार बोलायला लावलेलं नाही. हे सगळं तू मला फोनवर तुझ्या शब्दांत सांगितलं होतंस. मी ऐकून घेतलं आणि बरोबर उलट लिहिलं. आता मी दोन्ही भाग एकामागून एक, आवाज चालू ठेवून पाहिले आहेत. वाद तू जिंकलास. तू ऐकत असताना हे सांगण्याची संधी मला होती आणि मी ती घेतली नाही.

तुझी माहिती इथे देत नाही. जन्म, शिक्षण, कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरचा धंदा, मागे कोण कोण आहे, हे सगळं तुझ्या गावच्या नाक्यावर लावलेल्या फलकावर आहे. फलकावरच्या फोटोत तू हसत नाहीस. मला ओळखायला क्षणभर वेळ लागला.

वाचकांना मात्र थोडं मागचं सांगायला हवं.

कॉलेज संपलं त्या वर्षी आम्ही चार-पाच जण अलिबागहून तुझ्या गावी गौरीच्या जेवणाला आलो. रेवसला लाँच धरली, करंजाला उतरलो, तू तुझ्या काकांचा टेम्पो घेऊन उभा होतास. जेवण उरकल्यावर तू आम्हाला सार्वजनिक गणपतीच्या मांडवात नेलंस. भर दुपारी मांडवाला चारी बाजूंनी ताडपत्री बांधून अंधार केला होता. गणपतीच्या एका बाजूला टेबलावर टीव्ही होता. समोर बायका बसल्या होत्या, माहेरी आलेल्या लेकी आणि त्यांना आणणाऱ्या आया. पुरुष मागे उभे होते. तुमच्या गावात इंग्रजी सिनेमा असाच लागायचा. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायचा आणि आरतीच्या माइकवर एका माणसाने गोष्ट आगरीत सांगायची. तो माणूस तू होतास. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून, एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात रिमोट घेऊन तू टीव्हीच्या शेजारी स्टुलावर बसलास. टीव्हीकडे तुझी अर्धी पाठ होती, तोंड बायकांकडे. ही गोष्ट मी तेव्हा टिपली होती. तिचा अर्थ मी लावला नाही.

सिनेमा रक्तपिशाच्चांचा होता. थंड देशातलं एक बंदर. तिथे गोठवलेल्या मालाच्या कंटेनरमधून रक्तपिशाच्चं उतरतात. बंदरावरचा एक टकला, धिप्पाड पहारेकरी त्यांच्या चाव्यातून अर्धवट वाचतो आणि मासे मारायच्या भाल्याची बंदूक घेऊन त्यांच्या मागे लागतो. रक्तपिशाच्चांची एक राणी आहे, फरचा कोट घातलेली, गोरी, गप्प. तुमच्या गावात या सिनेमाला ‘डब्यातली भुतं’ म्हणत. त्या वर्षी कंटेनरचे ढीग मिठागरांच्या बांधापर्यंत आले होते, त्यामुळे भुतं कंटेनरमधून आली याचं मांडवात कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. माझ्या पुढची बाई शेजारणीला म्हणाली, त्यांच्यात काय काय येतं कोनाला म्हाईत. सगळ्या हसल्या. तूही माइकवर हसलास.

आता तू सांगितलेली गोष्ट. पहारेकऱ्याला एक मोठी बहीण होती. तिने घरच्यांना न विचारता परक्या माणसाचा हात धरला आणि ती गलबतावर चढून गेली. बापाने तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं ठरवलं. पुढे त्याच गलबतावर ती रक्तपिशाच्च झाली. पहिल्या भेटीत भाऊ भाला रोखतो, चेहरा ओळखतो आणि भाला खाली करतो. दुसऱ्या भेटीत दोघं पहाटेच्या आधी बर्फाने पांढऱ्या झालेल्या धक्क्यावर समोरासमोर उभी राहतात. कोणीच हलत नाही. भाऊ म्हणतो, आज गौर आली, घरी चल. राणी त्याच्याकडे बघत राहते. मग तू आवाज न बदलता, बाईसारखा न करता, तुझ्याच आवाजात म्हणालास:

“माहेराला कशी येऊ, बाला? मना उजेड सोसत न्हाय.”

मांडवात पदर डोळ्यांना लागले. मधल्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि ताडपत्री बाजूला सारून बाहेर निघून गेली. तिला भुतांचा सिनेमा आवडला नसावा, असं मला वाटलं. शेवटी कंटेनरचं दार उघडतं, आत ऊन शिरतं, पडदा पांढरा होतो. तू तिथे रिमोट दाबलास आणि सांगितलंस की राणी घरी पोचली.

मी त्या दुपारी ठरवलं की सिनेमावर लिहायचं. हे मी नंतर अनेकदा, अनेक ठिकाणी सांगितलं. विद्यार्थ्यांपुढे बोलताना तो धक्क्यावरचा प्रसंग मी उदाहरण म्हणून वापरला. मारधाडीच्या सिनेमात एका वाक्याने माणूस कसा उभा राहतो, याचं उदाहरण. सिनेमा मी पुन्हा पाहिला नाही. आवडलेल्या गोष्टीकडे परत जाऊ नये असा माझा एक समज होता, आणि त्याला मी अभिरुची म्हणत होते.

तुझ्याशी मैत्री टिकली ती मुख्यतः भांडणावर. मी एखाद्या सिनेमाला अडीच स्टार दिले की सकाळी तुझा फोन यायचा. “काय गो पत्रकारबाय, स्टार देताना एवढा जीव जातो तुजा? बापसाच्या वाडीतले नारल काढून देते काय?” माझ्या वडिलांची नागावची वाडी तुला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ होती. मी म्हणायचे, तुला सगळेच सिनेमे आवडतात, तुझ्या मताला किंमत नाही. तू म्हणायचास, सगळे आवडत न्हाईत, पन सगळ्यांचा काय ना काय करता येतो. ‘करता येतो’ म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नाही. मी लोकांना प्रश्न विचारून पोट भरते. तुला भावंडं किती, हेही मी विचारलं नव्हतं.

यंदा दुसरा भाग आला. तू प्रमिलाला आणि मुलांना घेऊन नवी मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये पहिल्याच दिवशी पाहिलास आणि बाहेर पडता पडता मला फोन केलास. मागे लिफ्टचा आवाज येत होता, प्रमिला तुला गाडी कुठे लावली ते विचारत होती, आणि तू तिला उत्तर न देता मला सांगत होतास की हा पहिल्यापेक्षा भारी आहे. मी कारण विचारलं.

“त्याच्यात बोलायला जागा लय हाय,” तू म्हणालास. पहिल्यात ती माणसं सारखी बडबडत असत, तुला त्यांच्या तोंडांच्या मध्ये घुसावं लागे. यात नायकाच्या गळ्याला जखम आहे, तो बोलतच नाही. राणी तोंडावर जाळी घालते. आपल्यासाठीच केलाय पिक्चर, असं तू म्हणालास. मग तू सांगितलंस की मंडळाची पोरं या गणपतीत प्रोजेक्टर आणणार आहेत, जुन्यासारखी ताडपत्री बांधणार आहेत, आणि तुला माइक धरायला सांगितलं आहे. बारा-पंधरा वर्षांनी. तू आनंदात होतास. मी म्हटलं, सिनेमाची किंमत त्यात मोकळी जागा किती यावर ठरत नाही. तू म्हणालास, मग कशावर ठरते ते सांग. मी म्हटलं, उद्या वाच.

परीक्षण मी रात्रीत लिहून दिलं. वर्तमानपत्रात त्याला चांगली जागा मिळाली. त्यात मी दुसऱ्या भागाला तंत्राचे गुण दिले आणि बाकीचे सगळे काढून घेतले. मुख्य आक्षेप असा होता: पहिल्या भागाचा प्राण बहीण आणि भाऊ यांच्या नात्यात होता. दुसऱ्या भागात राणी परत येते, कशी वाचली ते दोन वाक्यांत उरकतात, आणि मध्यंतराआधी नायक तिचं मुंडकं उडवतो. आपल्या बहिणीचं मुंडकं उडवताना त्याच्या चेहऱ्यावर रेषही हलत नाही. ‘माहेरी कशी येऊ? मला उजेड सोसत नाही’ असं म्हणणारी ती व्यक्तिरेखा लेखकांना आठवत नसेल, तर त्यांनी स्वतःचाच सिनेमा पुन्हा पाहावा, असं मी लिहिलं. हा सल्ला मी त्यांना दिला.

सकाळी तुझा फोन आला. तू हसत होतास. नेहमीसारखं चिडवणारं ते हसणं नव्हतं. तू म्हणालास, “तू माजा पिक्चर छापलास गो.” मला वाटलं, तुझा आवडता पिक्चर असं तुला म्हणायचं आहे. मी बैठकीत शिरत होते. नंतर बोलते म्हटलं. तू म्हणालास, सुनंदाला वाचून दाखवतो. सुनंदा कोण, हे मी विचारलं नाही. मी फोन ठेवला.

दुपारपर्यंत वेबसाइटवर परीक्षणाखाली वाचकांचे शेरे सुरू झाले. कुठली बहीण? मॅडमनी कुठला सिनेमा पाहिला? एकाने पहिल्या भागातला धक्क्यावरचा प्रसंगच टाकला होता, इंग्रजी आवाजासकट. तो मी ऑफिसात, कानाला हेडफोन लावून पाहिला. राणी म्हणते की मालाचा पुढचा कंटेनर गुरुवारी उतरेल आणि तोपर्यंत पहारेकऱ्याला जिवंत राहायची परवानगी आहे. तो तिला एक शिवी देतो. मग मी बाकीचे प्रसंगही शोधून पाहिले. पहिल्या भेटीत तो भाला खाली करतो, कारण बंदुकीचा चाप अडकतो. शेवटी कंटेनरमध्ये ऊन शिरतं, पडदा पांढरा होतो, आणि पुढे, तू कधी दाखवलं नव्हतंस तिथे, राखेचा ढीग आहे. बहीण कुठेही नाही.

तू इंग्रजीच्या पेपरात दोनदा नापास झाला होतास. हे मला कॉलेजपासून माहीत होतं. तेव्हा तुझी अर्धी पाठ टीव्हीकडे होती. एवढ्या पुराव्यावर कुठल्याही नवख्या बातमीदाराने निष्कर्ष काढला असता.

संपादकांनी शुद्धिपत्र द्यायला सांगितलं. ते मीच लिहिलं. तीन ओळींचं होतं: संबंधित परीक्षणात उल्लेख केलेला संवाद मूळ चित्रपटात नाही. राणी ही व्यक्तिरेखा नायकाची बहीण नाही. चुकीबद्दल दिलगीर आहोत. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. डेस्कवर सगळ्यांनी ते नेमकं आहे म्हणून सांगितलं.

ते छापून आलं त्या दिवशी फोन तू केला नाहीस. मी केला. आणि या सगळ्यातला हा भाग मला लिहावासा वाटत नाही. मी तुला विचारलं नाही की ते कुठून आलं. मी तुला झापलं. माझं हसं झालं, तुझ्यामुळे शुद्धिपत्र द्यावं लागलं, इतकी वर्षं मी मुलांना खोटं उदाहरण शिकवत होते, तू एकदा तरी सांगायला हवं होतंस. मागे ट्रेलर मागे घेतानाचा पीं पीं आवाज येत होता, तू यार्डात होतास. माझं झाल्यावर तू म्हणालास, “चुकला माजा.” मग विचारलंस, “पन ती बहीन न्हाय, असा छापायचा व्हता? मना इचारायचा तरी.”

मी म्हटलं, “नाहीच आहे ना, हरेश. जे नाही ते नाही.”

“व्हय,” तू म्हणालास. “पिक्चरमदी न्हाय.”

तुझा आवाज पडला होता तो चूक कबूल केल्यामुळे, असं मी धरून चालले. कामाच्या बाबतीत मी बरोबर होते, त्यामुळे मला त्या दिवशी झोपही लागली. त्यानंतर तुझा फोन आला नाही आणि मी केला नाही. मी वाट पाहत होते की पुढच्या एखाद्या परीक्षणावर तू चिडवशील. श्रावणात प्रमिलाचा फोन आला, आणि तिने पहिलं वाक्य पूर्ण करण्याआधी मला कळलं.

तुझ्या दहाव्याला मी आले. ओटीवर पुरुष बसले होते. तुझ्या ट्रेलरचे चालक, मंडळाची पोरं, यार्डातले लोक. आत प्रमिलाजवळ एक बाई बसली होती, पन्नाशीची, केस पांढरे, रंग तुझा. प्रमिलाने सांगितलं, या सुनंदाताय, यांच्या थोरल्या बहिणी, पनवेलला असतात. मी नमस्कार केला. मंडळाच्या पोरांपैकी एक जण पाणी देताना मला म्हणाला की हरेशदादाने भाग दुसरा रद्द करायला सांगितला होता. पेपरात आलं ना, आपला पयला खोटा व्हता म्हनून, असं दादा म्हणाला. त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. निरोप पोचवावा तसं सांगितलं.

मग प्रमिलाने मला स्वयंपाकघरात नेलं आणि मी ज्या गोष्टीची चौकशी वीस वर्षांत केली नव्हती ती चहा गाळता गाळता सांगून टाकली. सुनंदाताईंनी दुसऱ्या जातीतल्या माणसाशी लग्न केलं होतं. घरच्यांना न सांगता. तुझ्या वडिलांनी घराचं दार बंद केलं. तेव्हा तू शाळेत होतास. घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं, आणि तू ते पाळलंस, कॉलेजातही, आमच्यापुढेही. गौर यायची, गावच्या सगळ्या लेकी यायच्या, तुमच्या घरातली यायची नाही. तुझ्या आईला कोणी विचारत नसे. माइकवर तू त्याआधी काही वर्षं सिनेमांच्या गोष्टी सांगत होतास. त्या दुपारी तू घरचीही सांगितलीस, गावातल्या सगळ्या बायांसमोर, तिचं नाव न घेता. तुझ्या वडिलांनी घालून दिलेला नियम तू मोडला नाहीस.

मांडवातून उठून गेलेली म्हातारी तुझी आई होती. तिच्या हातचं जेवून आले होते, तरी अंधारात मी तिला ओळखलं नव्हतं. ती घरी जाऊन चुलीपुढे बसली आणि गौर बोळवेपर्यंत जेवली नाही. गौर बोळवल्यावर तुझे वडील तुला म्हणाले, पनवेलला जा आणि तिला फुडल्या साली आण. पुढच्या वर्षी सुनंदाताई आल्या. त्यानंतर एकही गौर चुकली नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ‘डब्यातली भुतं’ असं नुसतं म्हटलं तरी तुमच्याकडच्या बायकांना त्याचा अर्थ कळत होता. त्या मांडवात बसून काहीच न कळलेली माणसं आम्ही अलिबागहून आलेली. त्यातल्या एकीने ते छापलं.

पहिल्या दिवशी तू का हसलास, ते मला तेव्हा कळलं. तुझ्या घरातली गोष्ट पेपरात खरी म्हणून आली होती. तू ती बहिणीला वाचून दाखवलीस. आणि मग तिसऱ्या दिवशी, त्याच पानावर, बहीण नाही असं आलं. तेही तिने वाचलं असणार.

मी बाहेर येऊन सुनंदाताईंना हे विचारलं. उशिरा का होईना, एक प्रश्न मी विचारला. त्या म्हणाल्या, हो, वाचलं. मी दिलगिरी व्यक्त करायला लागले. दिलगीर आहोत हे शब्द मला सवयीने येतात आणि त्या खोलीत ते माझ्याच कानाला छापील लागले. त्यांनी मला थांबवलं.

“तुमचा बरोबर व्हता,” त्या म्हणाल्या. “पिक्चरवाल्यांनी मना घेतलाच नव्हता. त्यानं घेतला व्हता.”

हरेश, तुझ्याशी माझा वाद अर्धवट राहिला आहे आणि तो आता एकटीने चालवावा लागतो. सिनेमाची किंमत कशावर ठरते, असं तू विचारलं होतंस आणि मी ‘उद्या वाच’ म्हटलं होतं. पहिला भाग सामान्य आहे. मी तो प्रामाणिकपणे पाहिला, दोन स्टारच्या वर जात नाही. तुला तो वाईट आहे हे तेव्हाच माहीत होतं, आणि चांगला कर म्हणून कोणी सांगितलेलं नसताना तू तो चांगला केलास. मी आयुष्यभर जिची थोरवी सांगितली ती कलाकृती तुझी होती. तिचं श्रेय मी परदेशातल्या काही अनोळखी लोकांना दिलं. आणि ती त्यांची नाही हे समजल्यावर ती कोणाची आहे हे लिहिण्याऐवजी ती नाहीच असं लिहिलं. शुद्धिपत्रात एका ओळीची जागा होती. ‘तो संवाद उरणजवळच्या एका गावात, हरेशने रचलेला आहे’ एवढं तीत मावलं असतं. मला ते सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं. गावच्या मांडवात ऐकलेल्या गोष्टीवरून परीक्षण लिहिलं, हे छापून यायला नको होतं. म्हणून ‘चूक’ हा शब्द वापरला. तो कमी लाजिरवाणा वाटला.

आभार मानायचे राहिले आहेत. ते मी तुला समोर कधी मानले नसते, तू त्यावरून वर्षभर चिडवलं असतंस. मी सिनेमावर लिहायला लागले ती तुझ्या एका वाक्यामुळे. आता ते कुणाचं आहे ते माहीत असताना आणखी चांगलं वाटतं. ते तू पाठ करून ठेवलं होतंस की त्या क्षणी आलं, हे मात्र मला कधीच कळणार नाही. हे मी तुला नक्की विचारलं असतं. निदान मला तसं वाटतं.

यंदा तुझ्या घरी गणपती आणला नाही. मंडळाचा मात्र होता. पोरांनी प्रमिलाला विचारलं, दादाची आठवण म्हणून भाग दुसरा लावू का. ती म्हणाली, लावा, पण माइकवर कोण? पोरांनी मला फोन केला. मी सिनेमावाली, मला इंग्रजी येतं, गोष्ट माहीत आहे. मी नकार दिला. मला फक्त आहे तेवढंच सांगता येतं, असं मी त्यांना म्हटलं. ते खरं होतं. तरीही गौरीच्या दुसऱ्या दुपारी मी गेले आणि मागे, पुरुष उभे असतात तिथे, उभी राहिले.

ताडपत्री बांधली होती. प्रोजेक्टरसमोर पांढरी चादर ताणली होती. आवाज बंद होता. स्टुलावर सुनंदाताई होत्या. माइक त्यांना धरता येत नव्हता, तो सारखा हनुवटीच्या खाली जात होता, आणि एक म्हातारी पुढून ओरडली, वर धर गो सुनंदे, काय ऐकू येत न्हाय. हशा झाला. त्यांनी माइक वर धरला. सुरुवातीला त्या अडखळत होत्या. जे दिसतं तेच सांगत होत्या: यो चालला, यो पडला, आता मारतील बगा. तू कंटाळून शेजारच्याला कोपर मारलं असतंस. मग नायकाच्या गळ्यावरची पट्टी पडद्यावर आली आणि त्या म्हणाल्या, याला बोलता येत न्हाय, कारन लय वर्सं घरात एक नाव घ्यायचा नाय असा ठरलेला.

मला पुढे काय येणार आहे ते माहीत होतं. माझ्याच परीक्षणात ते होतं. राणी येते, जाळी काढते, नायक तलवार उचलतो. मांडवातल्या निम्म्या बायकांना मोबाइलवर बघून ते माहीत असणार, कारण पुढच्या रांगांमध्ये कोणी हलेना. एका मुलीने आईच्या खांद्यात तोंड घातलं. सुनंदाताई पडद्याकडे बघत नव्हत्या, तुझ्यासारख्याच बायकांकडे बघत होत्या. त्यांच्या मागे, चादरीवर, तलवार फिरली आणि मुंडकं उडालं.

“यो सीन खोटा हाय,” त्या म्हणाल्या. “फुडं बगा.”

कोणी हरकत घेतली नाही. पुढून एक आवाज आला, व्हय, खोटाच दिसतो. आणि गोष्ट पुढे सुरू झाली. नायक बंदरावरून चालत होता, गोदामं ओलांडत होता, जिने चढत होता, आणि सुनंदाताई सांगत होत्या की ती त्याच्या मागे चार पावलांवर आहे, तो वळत नाही, पण त्याला ठाऊक आहे. सिनेमात तिथे कोणी नाही. मी तो भाग आदल्याच आठवड्यात, नोंदी घेत, बारकाईने पाहिला होता. तरी मी ताडपत्रीच्या अंधारात उभी राहून त्याच्या पाठीमागची जागा बघत राहिले, आणि ती मला दिसत होती.